नाशकात बसून कमी पैशात मॉड्युलर सिंथ: आपोआप वाजत राहणाऱ्या अँबियंटसाठी सुरुवात कशी करायची

मॉड्युलर सिंथचे, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे, व्हिडिओ रात्री उशिरापर्यंत बघायचे, मग एका मॉड्यूलची किंमत शोधायची आणि गप लॅपटॉप बंद करायचा, हे बऱ्याच जणांचं होतं. एकेक मॉड्यूल दहा-पंधरा हजाराच्या पुढे, त्यावर कस्टम, परत केस वेगळी, पॉवर सप्लाय वेगळा, असं करत करत नीट वाजेल असा सेट लाखाच्या आसपास सहज जातो. पण तुम्हाला जर तासभर एकटं वाजत राहणारं, हळूहळू बदलणारं अँबियंट (मागे शांतपणे चालू राहणारं संगीत) करायचं असेल तर लाखभराची खरंच गरज नाही. का ते सांगते. या संगीतात आवाज थोडेच लागतात, त्या आवाजांना सावकाश हलवणाऱ्या गोष्टी जास्त लागतात, आणि हळू हलवणं हे इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळ्यात स्वस्त काम आहे. दहा सेकंदात एक फेरी पूर्ण करणारं सर्किट म्हणजे एक आयसी (चिप), एक पॉट (फिरवायचा नॉब) आणि दोन-तीन रुपयांचा कपॅसिटर. बास.

म्हणून इथे क्रम असा ठेवलाय की आधी कॉम्प्युटरवर फुकटात शिकायचं, मग ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सामान नुसतं खोचायचा बोर्ड) हजार-बाराशे रुपयात खरं वाजणारं काहीतरी बांधायचं, आणि त्यानंतरही खाज उरली तर युरोरॅककडे, म्हणजे विकतच्या मॉड्यूलकडे, बघायचं. हा क्रम उलटा करू नका प्लीज.

आधी दोन मिनिटं थिअरी

मॉड्युलर म्हणजे सिंथचे तुकडे सुटे करून ठेवलेले. एक तुकडा आवाज काढतो (ऑसिलेटर), एक आवाजाची धार कमी करतो (फिल्टर), एक आवाज लहान-मोठा करतो (व्हीसीए), एक नुसता हळू वर-खाली होत राहतो (एलएफओ). हे सगळे एकमेकांशी व्होल्टेजने बोलतात. कुठलंही आउटपुट कुठल्याही इनपुटला वायरने जोडता येतं, आणि तुम्ही कशाला काय जोडलंय तेच तुमचं संगीत, त्या जोडणीला पॅच म्हणतात. आज जो फॉरमॅट सगळीकडे दिसतो तो युरोरॅक, जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी १९९५ च्या सुमारास सुरू केलेला.

आणि हे काहीतरी परदेशी खूळ आहे, आपल्याकडे कधी नव्हतंच, असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूगचा मॉड्युलर सिंथ आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे लावून दिला, आणि गीता साराभाईंसारख्या आपल्याच लोकांनी त्यावर टेप केल्या, ज्या पुढे कितीतरी वर्षं तशाच कपाटात पडून राहिल्या. म्हणजे नाशिकपासून एका रात्रीच्या प्रवासावर हे सगळं पन्नासेक वर्षांपूर्वी चालू होतं.

जनरेटिव्ह म्हणजे सूर तुम्ही वाजवत नाही, नियम तुम्ही ठरवता आणि मशीन वाजवतं. इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोने १९७० च्या दशकात वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या लूप एकाच वेळी सोडून दिल्या, त्या परत परत वेगळ्याच ठिकाणी एकमेकांना भेटायच्या आणि तेच ते कधी ऐकू यायचं नाही. आपण वायरींनी तेच करणार आहोत.

पायरी १: व्हीसीव्ही रॅकवर पॅच करा

व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे, २०१७ पासून आहे, ओपन सोर्स आहे आणि त्याचं साधं व्हर्जन फुकट मिळतं. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. लॅपटॉप जुना असेल आणि फॅन ओरडायला लागला तर व्ह्यू मेनूतून फ्रेम रेट कमी करा, बराच फरक पडतो. व्हीसीव्हीचं फुकट अकाउंट काढलं की लायब्ररीतून शेकडो फ्री मॉड्यूल मिळतात, त्यातलं आत्ता एकच घ्या, व्हॅलीचा प्लेटो नावाचा रिव्हर्ब (आवाज मोठ्या खोलीत घुमल्यासारखा करणारा). बाकी सगळं सोबत येणाऱ्या फंडामेंटल सेटमध्ये आहे.

मोकळ्या जागेवर राइट क्लिक केलं की मॉड्यूलची यादी उघडते. एलएफओ, रँडम, ८व्हर्ट (व्होल्टेज कमी करणारा), क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या सुरावर बसवणारा), व्हीसीओ (ऑसिलेटर), एडीएसआर (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा), व्हीसीए, प्लेटो आणि ऑडिओ एवढे ओळीने लावा. आता वायरी. एलएफओचं स्क्वेअर आउटपुट दोन ठिकाणी न्या, एक रँडमच्या ट्रिगरला आणि एक एडीएसआरच्या गेटला. म्हणजे एलएफओची फेरी झाली की रँडम नवीन व्होल्टेज काढतो आणि त्याच क्षणी आवाज उघडतो. रँडमचं स्टेप आउटपुट ८व्हर्टमधून काढून क्वांटायझरला द्या, तिथून व्हीसीओच्या व्होल्ट-पर-ऑक्टेव्ह इनपुटला. व्हीसीओचा साइन आवाज व्हीसीएमध्ये, एडीएसआर त्या व्हीसीएला कंट्रोल करेल, व्हीसीएमधून प्लेटो, प्लेटोतून ऑडिओ. ऑडिओ मॉड्यूलवर तुमचं स्पीकरचं डिव्हाइस निवडायला विसरू नका, नाहीतर सगळं बरोबर असूनही चिडीचूप.

हे ८व्हर्ट मध्येच कशाला, असं नवीन माणसाला वाटतं आणि तो ते काढून टाकतो. नका काढू. मॉड्युलरमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. रँडम जे व्होल्टेज काढतो त्याचा पल्ला दहा व्होल्टचा असतो, म्हणजे दहा सप्तकं, म्हणजे एक सूर जमिनीखाली आणि पुढचा कानात टोचणारा. ८व्हर्टचा नॉब वीस टक्क्यांवर आणला की पल्ला दोन सप्तकांवर येतो आणि एकदम गाणं वाटायला लागतं. व्होल्टेज कमी करणं हे या छंदातलं अर्ध काम आहे, पुढे खरे मॉड्यूल घ्याल तेव्हाही हेच.

क्वांटायझरवर बारा पट्ट्या दिसतात, त्यातल्या फक्त सा रे ग प ध चालू ठेवा, बाकी बंद. भूपाचे सूर. यात कुठेही लागून दोन सूर अर्ध्या स्वराच्या अंतरावर येत नाहीत, त्यामुळे मशीनने कुठलाही सूर कुठल्याही सुरावर टाकला तरी खटकत नाही. मालकंसाचे सूर, म्हणजे सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, हे पण याच कारणाने जमतात आणि रात्री ऐकायला तर फारच गहिरे लागतात. आता कोणी गाणं शिकणारं वाचत असेल तर ते म्हणेल की हा राग नाही. बरोबर आहे, राग म्हणजे चलन, कुठे थांबायचं, कुठून यायचं, ते मशीनला येत नाही. आपण फक्त सुरांची निवड उसनी घेतोय.

एडीएसआरमध्ये अटॅक (आवाज चढायचा वेळ) दोन सेकंद, रिलीज (विरून जायचा वेळ) पाच सेकंद. एलएफओच्या नॉबवर राइट क्लिक करून आकडा टाइप करता येतो, तिथे ०.१४३ टाका, म्हणजे सात सेकंदाला एक फेरी. ऐका थोडा वेळ.

मग प्लेटो आणि ऑडिओ सोडून बाकी सगळ्याची कॉपी करून दुसरा आवाज बनवा, त्याचा एलएफओ ०.०९१ वर, म्हणजे अकरा सेकंद. तिसरा ०.०७७, तेरा सेकंद. तिन्ही आवाज मिक्सरमधून एकाच प्लेटोत. सात, अकरा आणि तेरा यांना एकमेकांनी भाग जात नाही, त्यामुळे तिन्ही एकत्र परत एकाच क्षणी सुरू व्हायला सात गुणिले अकरा गुणिले तेरा, १००१ सेकंद लागतात, म्हणजे १६ मिनिटं ४१ सेकंद, आणि तेव्हाही सूर वेगळेच असतात कारण ते रँडम आहेत. फक्त तीन आकडे नीट निवडले म्हणून एवढं होतं. सहा, आठ, बारा असे आकडे घेऊन बघा, दर चोवीस सेकंदाला सगळे एकदम दाणकन येतात आणि मजा जाते.

हा पॅच चालू ठेवून स्वयंपाक करा, अभ्यास करा, काहीही करा. काय खटकतंय ते बसून ऐकताना कळत नाही, दुसरं काम करताना कळतं. बहुतेक वेळा उत्तर असतं की आवाज जास्त झालेत, एक काढा.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्स नावाचा फ्री सेट घ्या. एमिली जिलेट यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने आपले डिझाइन ओपन सोर्स ठेवले होते, कंपनी २०२२ मध्ये बंद झाली पण ते डिझाइन राहिले, हा सेट म्हणजे त्याच मॉड्यूलची सॉफ्टवेअर रूपं. त्यातला रेझोनेटर आणि टेक्स्चर सिंथेसायझर हे दोन अँबियंटवाल्यांसाठी सोनं आहेत.

पायरी २: सामान आणा

लागतं ते असं. ४०१०६ आयसी चार (तीन लागतात, एक जळला तर असावा म्हणून), ब्रेडबोर्ड दोन, १०० के चे पॉट तीन, ५ के चा एक, १ मेग चे तीन, सिरॅमिक कपॅसिटर ज्यावर १०४ लिहिलंय ते दहा आणि ४७३ लिहिलेले पाच, इलेक्ट्रोलिटिकमध्ये १ मायक्रोचे दोन, १० मायक्रोचे दोन, २२ मायक्रोचे चार, १००० मायक्रोचे तीन, रेझिस्टर १ के, १० के, १०० के प्रत्येकी दहा-दहा, लाल एलईडी आणि एलडीआर तीन-तीन, काळी हीट श्रिंक ट्यूब, जंपर वायर, साडेतीन एमएमचा ऑडिओ सॉकेट, आणि सहा पेन्सिल सेल बसतील असा होल्डर, म्हणजे नऊ व्होल्ट. शिवाय पीटी २३९९ चा तयार इको बोर्ड, जो कराओके मशीनसाठी विकतात. सगळं मिळून दुकानागणिक थोडं इकडेतिकडे, पण हजार-बाराशेच्या घरात होतं. मल्टिमीटर घरात नसेल तर साधा घ्याच, तो वेगळा.

नाशकात इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमुळे सुट्टं सामान बऱ्यापैकी मिळतं, एम. जी. रोड आणि शालिमारच्या बाजूला चौकशी करा. आयसीचा नंबर तोंडाने सांगण्यापेक्षा मोबाइलवर लिहून दाखवा. "काका, हा आहे का?" म्हटल्यावर बऱ्याचदा उत्तर येतं, "हा नाही, पण चौऱ्याहत्तर एच-सी चौदा घेऊन जा, सेमच आहे." इथे थांबा. काम सेम आहे, पायांची रचना पण सेम आहे, पण ७४एचसी१४ जास्तीत जास्त सहा व्होल्टचा, आपले नऊ व्होल्ट त्याला सहन होणार नाहीत. ४०१०६ तीनपासून पंधरा व्होल्टपर्यंत आरामात चालतो. ७४सी१४ मिळाला, मधे एच नसलेला, तर तो चालेल.

इथे नाहीच मिळालं तर ऑनलाइन मागवा, किंवा मुंबईला काही कामाने जाणार असाल तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते, घरातल्या प्लगच्या विजेला हात लावायचा नाही. जुन्या टीव्हीतून काढलेला ट्रान्सफॉर्मर, स्वतः बनवलेला सप्लाय, काही नको. सेलवर सगळं होतं, आवाजात गुणगुण येत नाही आणि चुकीची वायर लागली तर बहुतेक वेळा फक्त आयसी जातो.

पायरी ३: पहिला आवाज

आयसीवर एका टोकाला खाच असते, ती डावीकडे ठेवा. खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे पाय १ ते ७, वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ८ ते १४. चौदाला प्लस, सातला मायनस. प्लस-मायनसच्या मधे, आयसीच्या अगदी जवळ, एक १०४ लावा. हा कपॅसिटर छोटा वाटतो म्हणून लोक टाळतात आणि मग आवाज का कुरकुरतो ते शोधत बसतात.

आता पाय १ पासून मायनसला एक १०४. पाय २ पासून १० के चा रेझिस्टर, पुढे १०० के चा पॉट, आणि पॉटचं दुसरं टोक परत पाय १ ला. झाला ऑसिलेटर. आत काय होतं ते समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे: कपॅसिटर टाकीसारखा भरत जातो, वरच्या खुणेला पोचला की आयसी आउटपुट पालटतो आणि तो रिकामा व्हायला लागतो, खालच्या खुणेला आला की परत भरायला लागतो. पॉट म्हणजे नळ, किती वेगाने भरायचं ते ठरवतो. कपॅसिटर-रेझिस्टरच्या या आकड्यांना साधारण शंभर हर्ट्झपासून हजारच्या थोडं वरपर्यंत सूर मिळतो. तो १० के चा रेझिस्टर पॉट शून्यावर नेला तरी आयसीवर लोड येऊ नये म्हणून आहे.

आउटपुट थेट न घेता पाय २ हून पाय ३ ला एक वायर टाका आणि पाय ४ वरून आवाज घ्या, म्हणजे पुढे काहीही जोडलं तरी सूर हलणार नाही, याला बफर म्हणतात. आणि जे इनपुट वापरत नाही ते सगळे मायनसला जोडून टाका, मोकळे सोडले तर आयसी उगाच तापतो आणि कसलेही आवाज काढतो.

नऊ व्होल्टचा आवाज सरळ स्पीकरच्या ऑक्समध्ये घालू नका, फार जास्त आहे. पाय ४ वरून १०० के, त्याच्या पुढच्या टोकाला १० के मायनसला, आणि त्या सांध्यावरून १ मायक्रोच्या कपॅसिटरमधून सॉकेटला, कपॅसिटरचा प्लस सांध्याकडे. सॉकेटचा ग्राउंड मायनसला. आता पाऊण व्होल्टच्या आसपास येतं, ते ऑक्सला योग्य आहे. स्पीकरचा आवाज शून्यावरून हळू वाढवा, आणि पहिल्यांदा हेडफोन कानात घालून तर अजिबात ऐकू नका.

आवाज कर्कश, भुंग्यासारखा येईल. यायलाच पाहिजे, स्क्वेअर वेव्ह आहे. पुढे मऊ करतोय.

पायरी ४: तंबोऱ्याची जोडी

इथे खरी गंमत सुरू होते. दोन ऑसिलेटर जवळजवळ एकाच सुरात लावले की दोघांच्या फरकाएवढी आंदोलनं ऐकू येतात. एक १३०.८ हर्ट्झला, म्हणजे पांढरी एकचा सा, आणि दुसरा १३१.३ ला असेल तर दर दोन सेकंदाला आवाज एकदा फुगून परत बसतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ज्यांनी लक्ष देऊन ऐकल्यात त्यांना हे लगेच ओळखू येईल. फोनवर कुठलंही ट्यूनरचं फ्री ॲप घेऊन लावा.

पण एक अडचण आहे जी बहुतेक सर्किटच्या चित्रांत लिहिलेली नसते. हे दोन्ही ऑसिलेटर एकाच आयसीवर केले तर ते जवळ आले की एकमेकांना पकडतात आणि एकाच सुराला चिकटून बसतात, आंदोलन नाहीसं होतं. तुम्ही पॉट फिरवताय, फिरवताय, आणि एकदम उडी मारून दुसऱ्या बाजूला जातं. म्हणून जोडीतला दुसरा सूर दुसऱ्या आयसीवर करा, त्याच्या पायाशी स्वतंत्र १०४ लावून. आणि त्याच्या १०० के पॉटच्या ओळीत तो ५ के चा पॉट पण टाका, बारीक लावायला, मोठ्या पॉटवर अर्धा हर्ट्झ सापडणं फार कठीण जातं.

पहिल्या आयसीवर पाय ५ आणि ६ वापरून तिसरा सूर करा, पंचम १९६ हर्ट्झला, त्याचा बफर पाय ९ मध्ये घालून ८ वरून आउटपुट. सा, सा आणि प. एवढंच ठेवा, तीन सूर भरपूर होतात.

हे सूर तासाभरात थोडे सरकतात. सेल उतरले की सरकतात, थंडी-उन्हाने सरकतात, डिसेंबर-जानेवारीत पहाटे लावलेला सा दुपारी तिथे नसतो. म्हणून या सर्किटवर धून वाजवायचा हट्ट नको, त्यासाठी व्हीसीव्ही आहे. ड्रोनला, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या सुराला, मात्र हे सरकणं शोभतं, जोडीतली आंदोलनं आपोआप कधी जलद कधी संथ होतात, आणि यासाठी वेगळं मॉड्यूल घ्यावं लागत नाही.

पायरी ५: हळू हलवणारे हात

तिसरा आयसी घ्या. त्यावर तीन एलएफओ आणि तीन बफर बरोबर बसतात: १-२ एलएफओ, ३-४ बफर, मग ५-६ आणि ९-८, मग ११-१० आणि १३-१२. सर्किट तेच, फक्त पॉट १ मेग चा आणि कपॅसिटर मोठा, प्लस पाय इनपुटकडे. १० मायक्रोला पॉट पूर्ण फिरवून आठेक सेकंदाची फेरी मिळते, २२ मायक्रोला सोळा-अठरा. म्हणजे सात सेकंदासाठी १०, आणि अकरा-तेरासाठी २२-२२. तेच आकडे, व्हीसीव्हीमध्ये ऐकलेत ते.

आता व्हॅक्ट्रॉल. एलईडी आणि एलडीआर एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ठेवा, वरून काळी हीट श्रिंक ट्यूब चढवा आणि दोन्ही टोकं उजेड आत जाणार नाही अशी बंद करा, लागलं तर काळी टेप. एलईडीचा कुठला पाय लांब आहे ते आधीच मार्करने खूण करून ठेवा, ट्यूब चढल्यावर कळत नाही. एलईडी उजळला की एलडीआरचा रेझिस्टन्स पडतो, विझला की सावकाश वाढतो. उघड्यावर ठेवून खोलीतला दिवा लावून-बंद करून मल्टिमीटरवर एकदा आकडे बघाच, काही मेगवरून काही किलोवर कसा येतो ते दिसलं की पुढचं सगळं डोक्यात बसतं.

बफरच्या आउटपुटपासून १ के, तिथून १००० मायक्रो मायनसला, आणि त्याच सांध्यावरून अजून एक १ के मधून एलईडी. मोठा कपॅसिटर मधे असल्यामुळे एलईडी फटकन लागत नाही, उजळत उजळत येतो आणि तसाच मावळतो. दुसऱ्या बाजूला, ऑसिलेटरच्या बफरपासून एलडीआर, एलडीआरच्या पुढच्या टोकापासून ४७३ मायनसला. हा झाला फिल्टर आणि व्हीसीए एकातच: अंधारात आवाज बंद, उजेड वाढला की आधी नुसता खोल गुंजारव येतो आणि मग त्यात धार येते. त्या कर्कश स्क्वेअर वेव्हचं हे असं होतं यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तिन्ही सुरांना एकेक व्हॅक्ट्रॉल द्या.

मग प्रत्येकाच्या पुढे १०० के, तिन्हींची टोकं एकत्र, एकत्र केलेल्या जागी एकच १० के मायनसला आणि १ मायक्रोमधून बाहेर. मिक्सर पण झाला.

पायरी ६: इको

मिक्सरमधून बाहेर आलेला आवाज आता इको बोर्डातून काढायचा. पीटी २३९९ हा चिप मुळात कराओके आणि स्वस्त माइक इकोसाठीचा, स्वच्छ आवाजात साधारण ३०० मिलिसेकंदांपर्यंत डिले देतो, त्यापुढे ताणला तर खरखर वाढते. आपल्याला ती खरखर चालते, उलट ड्रोनच्या मागे धुकं पसरल्यासारखी छान लागते. चिपला पाच व्होल्ट लागतात, काही तयार बोर्डांवर रेग्युलेटर असतो आणि काहींवर नसतो, घेताना दुकानातच विचारा, नसेल तर ७८०५ मधून द्या. रिपीटचा पॉट मधल्याच्या थोडा पुढे ठेवा, अगदी टोकाला नेला तर स्वतःच ओरडत सुटतो. मोठा रिव्हर्ब हवा असेल तर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर प्लेटोतून काढा, त्यासाठी हार्डवेअरवर पैसे घालवायची ही वेळ नाही.

पायरी ७: डबा आणि रेकॉर्डिंग

ब्रेडबोर्डवर आठवडाभर वाजू द्या, कपॅसिटर-रेझिस्टरचे आकडे बदलून बघा, आणि जे आवडले ते लिहून मगच झीरो पीसीबीवर (भोकं असलेला कोरा बोर्ड) सोल्डर करा. डब्यासाठी मिठाईचा पत्र्याचा डबा उत्तम, पत्रा सहज भोकं पाडता येण्यासारखा असतो आणि मायनस डब्याला जोडला की बाहेरची गुणगुण अडते. आतून पुठ्ठा चिकटवा, नाहीतर सोल्डरचे टोक पत्र्याला लागून शॉर्ट होईल. पावसाळ्यात ब्रेडबोर्ड उघडा ठेवला तर क्लिपा गंजतात आणि आवाज तुटक येतो, झाकून ठेवा.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी पुरे, फुकट आहे. अर्धा-पाऊण तास सलग घ्या आणि मग त्यातले पंधरा मिनिटं निवडा. आणि आपल्याकडे जे आहे ते वापरा ना. रामकुंडावर आरतीच्या वेळच्या घंटा, जुलै-ऑगस्टमध्ये सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर धरणाच्या बाजूची पहाट, फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, फक्त वाऱ्याकडे पाठ करून उभे रहा. ऑडॅसिटीत ड्रोनच्या खाली अगदी हळू आवाजात टाका, किंवा ट्रॅकचा वेग निम्मा करा, घंटेचा टोल एक सप्तक खाली येतो आणि त्याची शेपूट लांबते. पाण्याचा आवाज मात्र सगळीकडे घालू नका, दोन मिनिटांत कान त्याला विसरतात आणि तो नुसती जागा अडवून बसतो.

पायरी ८: युरोरॅक घ्यायचंच असेल तर

इतकं झाल्यावर तुम्हाला स्वतःला कळलेलं असेल की काय कमी पडतंय, आणि तेच घ्या. उंची सगळ्यांची ठरलेली, तीन यू म्हणजे १२८.५ एमएम, रुंदी एचपीमध्ये मोजतात, एक एचपी ५.०८ एमएम. पॉवर प्लस-मायनस बारा व्होल्ट, आणि इथे मी आग्रहाने सांगते की सप्लाय तयार आणि चांगला घ्या, इथे बचत करू नका. पॉवरच्या रिबन केबलवरची लाल रेघ मायनस बाराच्या बाजूला असते, उलटी लावली तर मॉड्यूल जाऊ शकतं, म्हणून चालू करण्याआधी प्रत्येक वेळी दोनदा बघा.

पहिली खरेदी करताना सगळे चकचकीत ऑसिलेटरकडे धावतात. अँबियंटसाठी माझी यादी वेगळी आहे: एक चांगला आवाज, एक रँडम, एक चार चॅनलचा व्हीसीए, एक ॲटेन्युएटर (व्होल्टेज कमी करणारा) आणि एक डिले किंवा रिव्हर्ब. यातला रँडम म्हणून ट्युरिंग मशीन बघा, टॉम व्हिटवेलने २०१२ मध्ये केलेलं ओपन सोर्स डिझाइन आहे, सोल्डरिंग येत असेल तर किट आणून स्वतः बांधता येतं. त्याचा मोठा नॉब मधे असला की पूर्ण रँडम, उजवीकडे टोकाला नेला की चालू आहे तोच क्रम फिरत राहतो, आणि टोकाच्या जरा अलीकडे ठेवला की धून बराच वेळ तीच राहते पण मधूनच एखादा सूर बदलतो. जनरेटिव्हवाल्यांना जे हवं असतं ते नेमकं त्या जरा अलीकडच्या जागेत आहे. आणि काहीही विकत घेण्याआधी त्या मॉड्यूलचं व्हीसीव्हीतलं रूप असेल तर ते आठवडाभर वापरा, नसेल तर त्याच कामाचं दुसरं शोधा. म्युटेबलच्या डिझाइनवर बनवलेले छोटे आणि स्वस्त क्लोन बाजारात आहेत, सेकंडहँड पण मिळतात, फक्त घेताना रिबन केबल सोबत आहे का आणि मॉड्यूल किती मिलिअँप खातं ते विचारून घ्या, कारण सगळ्या मॉड्यूलची बेरीज सप्लायच्या क्षमतेच्या बरीच आत राहायला हवी.

ब्रेडबोर्ड मोडण्याआधी त्याचे वरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि प्रत्येक कपॅसिटरवरचा आकडा कागदावर लिहून तोच कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.